पंप कामाप्रमाणे निवडावा, अश्वशक्तीप्रमाणे नव्हे

आपल्या गुऱ्हाळावर ज्याप्रमाणे उसाचा रस काहिलीत आटवून गूळ करतात, त्याचप्रमाणे कॅनडातील केबेक प्रांतात व अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात मेपल वृक्षाचा रस आटवून पाक करतात. परंतु उसाच्या रसात साखर साधारणपणे शेकडा १६ ते २० असते, तर मेपलच्या रसात ती अवघी शेकडा २ च्या आसपास असते. म्हणून १ लिटर पाकासाठी सुमारे ४३ लिटर रस आटवावा लागतो. हंगाम हिवाळ्याच्या अखेरीस काही आठवड्यांचाच असतो आणि काढलेला रस फार काळ टिकत नाही. जळण आणि वेळ या दोहोंची येथे ओढ पडते.

यावर उपाय म्हणून रस चुलीवर चढविण्यापूर्वीच त्यातील बरेचसे पाणी व्यस्त परासरणाने, म्हणजे आर. ओ. पद्धतीने, काढून टाकतात. सूक्ष्म पटलावर रस दाबाने ढकलला म्हणजे पाणी पलीकडे जाते व साखर अलीकडे राहते. थोडी झाडे असलेले अनेक शेतकरी हे यंत्र घरीच जुळवितात. तेथे प्रश्न उभा राहतो तो पंपाचा. पुष्कळदा प्रथम पंप विकत घेतला जातो व हिशेब मागून केला जातो. आमच्या मते हा क्रम उलटा आहे.

हिशेब अवघड नाही. समजा, दिवसाला २०० लिटर रस मिळतो. त्यातील १०० लिटर पाणी काढले तर साखर शेकडा ४ होते व चुलीवरचे काम जवळजवळ निम्मे होते. १० तासांत हे करावयाचे तर तासाला १० लिटर पाणी पटलापार गेले पाहिजे. रस गोठण्याच्या बेतात थंड असला म्हणजे पटलातून पाणी निम्म्याच वेगाने जाते, हे पटलांची संख्या ठरविताना विसरू नये.

आता दाब पाहू. रसातील साखर स्वतःच पाण्याला मागे ओढते. साखर शेकडा २ असता ही ओढ दर चौरस इंचास सुमारे २० पौंड, शेकडा ४ असता ४० व शेकडा ८ असता ८० पौंडांच्या घरात जाते. पंपाने प्रथम ही ओढ भागवावी, नंतर उरलेल्या दाबाने काम करावे.

घरगुती आर. ओ. यंत्रातील लहान पडद्याचा पंप ८० ते १०० पौंड दाब देतो. शेकडा ८ पर्यंत जाण्याचा आग्रह धरल्यास तो थकेल. शेकडा ४ वर समाधान मानल्यास पन्नासएक झाडांच्या धन्याला तो पुरेसा आहे. झाडे शेकड्यांनी असतील तर पात्यांचा फिरता पंप घ्यावा. तो अधिक दाब देतो, परंतु कोरडा चालविल्यास किंवा बारीक कचरा आत गेल्यास लवकर झिजतो. म्हणून त्याच्या आधी गाळणी हवीच. विहिरीवरचा साधा एकटप्पी पंप येथे निरुपयोगी होय, कारण १०० पौंड दाब म्हणजे सुमारे २३० फूट उंचीवर पाणी चढविणे. तो पाणी पुष्कळ देईल, दाब देणार नाही.

पंप कोणताही असो, रसाला लागणारे भाग अन्नास योग्य असावेत. शिसेमिश्रित पितळ वापरू नये. पटलाच्या व त्याच्या नळीच्या दाबमर्यादेपलीकडे जाऊ नये. दाबमापक व दाब सोडणारी झडप बसवावी. रात्री पंपात पाणी ठेवू नये. ते गोठले तर पंप फुटतो.

मेपल आपल्या शिवारात नाही. परंतु विहिरीवर पंप बसविताना शेजाऱ्याची अश्वशक्ती पाहून खरेदी करण्याची चूक आपल्याकडेही होते. ग्रामसेवकांनी सल्ला देताना प्रथम तीन प्रश्न विचारावेत: पाणी किती, वेळ किती आणि उंची अथवा दाब किती? त्यांची उत्तरे कागदावर मांडल्यावाचून शेतकरी बंधूंनी दुकानाची पायरी चढू नये.