यंत्राने काढलेले आलेख व त्यांची माहितीपत्रके

शेतीच्या कारभारात यंत्रबुद्धीचा प्रवेश झाला आहे. महाराष्ट्र सरकारने जून २०२५ मध्ये ‘महाअ‍ॅग्री-एआय’ धोरण मंजूर करून त्याची मुदत २०२९ पर्यंत ठरविली. या व्यवस्थेबरोबर साधनांचा एक नवा वर्ग पुढे येत आहे. ही साधने शेताची, पाण्याच्या वाटेची अथवा कचेरीतील कामाच्या क्रमाची माहिती घेऊन तिचा आलेख काढतात व अहवाल सिद्ध करतात. मात्र तो अहवाल मनुष्याकरिता नसतो. दुसऱ्या यंत्राने, संगणकवाले ज्यास ‘एजंट’ म्हणतात त्याने, तो वाचून पुढील काम करावे, असा हेतू असतो. यंत्राने लिहावे व यंत्रानेच वाचावे, यात कास्तकाराचा संबंध काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, काम त्याच्याच जमिनीचे व पिकाचे होणार आहे.

आलेखाचा विश्वास कशावर बसतो, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. मुंबई इलाख्यातील जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची व तिचे भाग १६ आणे. टिपणातील शेताची आकृती हाताने काढलेली, पुष्कळदा प्रमाणास सोडूनही असते. परंतु रेघेजवळ साखळी-आण्यांची मापे लिहिलेली असल्यामुळे पिढ्या उलटल्यावरही मोजणीदारास त्यावरून बांध शोधता येतो. आकृतीस किंमत येते ती शेजारच्या लिखाणामुळे.

संगणकाच्या जगातील अनुभव याहून निराळा नाही. ‘ग्राफविझ’ किंवा २०१४ मध्ये निघालेले ‘मर्मेड’ यांसारख्या साधनांत आकृती प्रथम शब्दांत लिहितात व मग यंत्र ती रेखाटते. एजंटास नुसते चित्र दिल्यास तो रेघा चुकीच्या वाचण्याचा संभव असतो. मूळ मजकूर सोबत दिल्यास तो संभव कमी होतो. परंतु तो मजकूर कोणत्या दप्तरातून, कोणत्या तारखेस घेतला, हे साधनाच्या माहितीपत्रकात नसेल तर यंत्र जुनी गोष्ट नवी समजून चालेल.

आपल्या जिल्ह्यात हा धोका काल्पनिक नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली; तिच्यातील २७ गावे २००२ मध्ये वगळली गेली व २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली गेली. अर्ज कोणत्या कचेरीत जावा याचा आलेख जुन्या माहितीवर काढला असेल, तर वाड्याचा अर्ज ठाण्यास येऊन पडेल, आणि यंत्रास त्यात काही वावगे दिसणार नाही.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. २०२१ पासून शेतकरी भ्रमणध्वनीवर ई-पीक पाहणी नोंदवितात. एखाद्याच्या भाताची नोंद राहून गेली, तर ‘नोंद नाही’ असे दाखवावे की ‘पीक नाही’ असे? साधनाने दोन्हींस एकच रंग दिल्यास, तो अहवाल वाचणारा एजंट उभ्या भाताचे खाचर पडीक ठरवील. नुकसानभरपाईच्या वेळी त्या रंगाची किंमत किती, हे पावसात पीक गेलेल्या मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्यास विचारावे.

सबब आमची मागणी साधी आहे. अशा प्रत्येक साधनासोबत माहितीपत्रक असावे, व शेतीच्या कामी त्याची मराठी प्रत असावी. त्यात माहितीचे मूळ व तारीख, रंग-खुणांचा अर्थ, नकाशाचे प्रमाण, माहिती नसता साधन काय दाखविते, ते कोठे चुकते आणि चूक दुरुस्त कोणाकडून करून घ्यावी, इतके असावे. प्रमाणाचा आग्रह व्यर्थ नाही. १:५००० च्या नकाशावर एक मिलिमीटरची रेघ जमिनीवर ५ मीटर, म्हणजे १६ फुटांहून अधिक होते. तेवढ्यात एक बांध सहज बुडतो.

साधने दर महिन्यास बदलतात, पत्रके कोठवर लिहावी, अशी तक्रार ती करणारे करितात. तिच्यात तथ्य आहे. परंतु म्हणूनच पत्रकावर आवृत्ती व तारीख हवी, आणि साधन बदलताच पत्रक बदलणे हा त्याच कामाचा भाग समजावा. ठाणे-डोंबिवलीतून रोज संगणकाच्या कामास जाणाऱ्या तरुणांत कास्तकारांचे पुत्र व कन्या पुष्कळ आहेत. हे लिखाण त्यांनी हाती घ्यावे. संस्थेच्या सभासदांनीही यंत्राचा अहवाल पुढे आल्यास सही करण्यापूर्वी त्याचे माहितीपत्रक मागावे, आणि ते न मिळाल्यास प्रत्यक्ष पाहणीचा आग्रह धरावा, अशी आमची त्यांस विनंती आहे.