आप्पांचा एचएमटी आणि आमचं रान

परवा रात्री धाकट्या चुलतभावाने फोनवर एक फोटो पाठवला. एचएमटी २५११. नवाकोरा रंग मारलेला, टायरला काळं फासून चकचकीत केलेलं, बॉनेटवर हार. खाली एकच ओळ: "दादा, हाच घ्यायचा. आप्पा रडले."

आता आमच्या घरात आप्पा रडले म्हणजे विषय संपला, असं मानायची पद्धत आहे. म्हणूनच घाईघाईने हे लिहायला बसलोय. फोनवर आम्ही भांडतो. लिहिलेलं निदान शेवटपर्यंत वाचलं तरी जातं.

नात्याबाहेरच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. धायरीत डोंगराच्या पायथ्याला आमची वडिलोपार्जित तीन एकर जमीन आहे. पूर्वी ज्वारी-हरभरा व्हायचा, बांधावर आंबे. आप्पांचे गुडघे गेले, आम्ही सगळे नोकऱ्यांना लागलो, आणि गेली पंधरा वर्षं तिथे कोणी काही पेरलेलं नाही. उरलीसुरली धायरीही २०१७ मध्ये महापालिकेत गेली. आजूबाजूला इमारती उठल्या. शहरात पडीक जमीन दिसली की तिथे रात्रीतून राडारोड्याचा डंपर रिकामा होतो. एकदा झाला की रस्ता माहीत झाला! यंदाच्या उन्हाळ्यात वाळक्या गवताला आग लागली आणि दोन आंबे होरपळले. तेव्हा रान साफ ठेवणं ही काही आमची हौस राहिलेली नाही.

आणि रान तरी कसलं? गाजरगवत, घाणेरी आणि सुबाभूळ, तिन्ही बाहेरची! गाजरगवताची भारतातली पहिली नोंद पुण्यातलीच, १९५० च्या दशकातली. सुबाभूळ मणिभाई देसाईंच्या उरुळी कांचनच्या संस्थेने सत्तरच्या दशकात चारा आणि जळणासाठी मोठ्या चांगल्या हेतूने गावोगाव पोचवली. तिने पुढे काय केलं ते आमच्या बांधावर येऊन बघा. घाणेरीची तर और तऱ्हा. वरून कापली की पावसाळ्यात दुप्पट जोमाने फुटते. मुळाचा गड्डा जमिनीखाली तोडून बाहेर काढला तरच मरते.

म्हणून पहिलं मत: पंधरा वर्षांचं रान मोडणं हे जुन्या ट्रॅक्टरचं कामच नाही. त्याला दोन दिवस जेसीबी लावा, पैसे द्या आणि मोकळे व्हा. फक्त आपल्यापैकी कोणीतरी दिवसभर समोर उभं राहिलं पाहिजे. जेसीबीवाल्याला आंबा आणि सुबाभूळ सारखीच. शिवाय पालिकेच्या हद्दीत झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे. ठेवायच्या झाडांना आधी चुना फासायचा, मग चावी फिरवायची.

ट्रॅक्टर हवा तो त्यानंतरच्या वर्षांसाठी. पावसाळ्यात दोन-तीनदा गवत कापणं, गाजरगवत फुलावर यायच्या आत आडवं करणं, फांद्या ओढून नेणं. चुलतभावाला रोटाव्हेटर मारायचाय. उतारावर रोटाव्हेटर मारला तर माती पहिल्याच वळवात खालच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाईल. तिथे फक्त कापायचं, उकरायचं नाही.

या कामाला नवा ट्रॅक्टर कशाला? सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला हे खरं, पण वर्षातले पंधरा-वीस दिवस चालणाऱ्या यंत्राचा हप्ता मला पटत नाही. तेव्हा जुनाच घ्यायचा, यावर घरात एकमत आहे. भांडण आहे ते कुठला यावर.

एचएमटीबद्दल मला काही कमी प्रेम नाही. घड्याळवाली तीच ही कंपनी. १९७१ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला चेक लोकांच्या झेटरच्या मदतीने ट्रॅक्टर करायला लागली. पंचवीस हॉर्सपॉवर, दोन सिलेंडर. आप्पांचा याच जातीचा होता, आणि ताईच्या लग्नात तो विकला. त्या दिवशी आप्पा जेवले नव्हते, ते मला चांगलं आठवतंय. पण मंडळी, त्या कंपनीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला. पार्ट मिळतच नाहीत असं नाही. मागवावे लागतात, वाट बघावी लागते, आणि ज्या मिस्त्रीचा हात बसलेला होता तो आता आप्पांच्याच वयाचा आहे. ट्रॅक्टर पंधरा दिवस शेडमध्ये पडला की तेवढ्यात गवत छातीला लागतं.

त्यापेक्षा मॅसी १०३५ किंवा महिंद्रा २७५ बघा. मॅसी १९५६ च्या फर्ग्युसन ३५ च्या घराण्यातला, महिंद्राचं मूळ इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बी-२७५ मध्ये. वयाचीच हौस असेल तर ही घराणी एचएमटीपेक्षा जुनी आहेत! आणि दोन्ही नावं अजून बाजारात चालू असल्यामुळे फिल्टर, नोझल, क्लचप्लेट तालुक्याच्या दुकानात मिळते.

आता मला खरं जे म्हणायचंय ते. आप्पांच्या काळात ट्रॅक्टर सपाटीवर चालायचा. आमचा पुतण्या तो उतारावर चालवणार आहे, तोही शनिवार-रविवारचा ड्रायव्हर. सुबाभळीचं खोड ओढताना साखळी मागच्या अॅक्सलच्या वर बांधली, की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर सेकंदभरात चालवणाऱ्याच्या अंगावर मागे उलटतो. १९१७ चा फोर्डसन यासाठीच बदनाम होता, आणि हॅरी फर्ग्युसनच्या तीन दांड्यांच्या जोडणीमागे हेही एक कारण होतं. साखळी कायम खालच्या ड्रॉबारलाच बांधायची. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरवर चालकाच्या संरक्षणाची लोखंडी कमान सक्तीची केली. आपल्याकडच्या जुन्या ट्रॅक्टरवर ती शोधूनही सापडत नाही. जो ट्रॅक्टर घेऊ त्याला नीट इंजिनिअरकडून कमान आणि पट्टा बसवून घ्यायचा, मगच रानात न्यायचा. रंगावर खर्च करणाऱ्यांनी आधी यावर करावा.

दुसरं म्हणजे क्लच. एकच क्लच असेल तर तो दाबला की चाकांबरोबर मागचं पातंही थांबतं, म्हणजे दाट जाळीत थांबून पातं फिरतं ठेवता येत नाही. काही जुन्या गाड्यांत तर क्लच दाबूनही फिरत्या पात्याचा जोर ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहतो. उतारावर हे नको. डबल क्लचवालाच बघायचा.

बाकी घेताना बघायचं ते आप्पांनीच शिकवलंय. इंजिन थंड असताना सुरू करून बघा. विकणारा ते हमखास आधीच तापवून ठेवतो. ऑइल दुधाळ दिसलं तर परत फिरा. मागे वजन उचलून इंजिन बंद करा आणि चहा प्या. तेवढ्यात लिफ्ट खाली बसली तर हायड्रॉलिकचं काम निघालं. इंजिन आणि चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडून बघा, कर्जाचा बोजा उतरलाय का ते बघा. ज्याच्या नावावर आहे तोच विकतोय ना, हेही. (हसू नका. आपल्याच भावकीत काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.)

काल रात्री आप्पांना हे सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि मडगार्डवर मी बसायचं नाही, असंच ना?" मी म्हटलं, कोणीच बसायचं नाही. त्यावर म्हणाले, "तुझी आजी शिंगणापूरपर्यंत मडगार्डवर बसून गेली होती." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रविवारी सासवडकडे एक १०३५ बघायला जातोय. आप्पा येणार आहेत, इंजिनला कान लावायला. मालकाने दहाची वेळ दिलीय; आम्ही सातलाच पोचणार आहोत, इंजिन गार असताना.