समूहोपचार : कोणाला मानवतो, कोणाला नाही?

अंथरुणाला खिळलेल्या पतीची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणारी पत्नी असो की जोडीदाराच्या निधनानंतर एकाकी झालेले आजोबा. मनाचे दुखणे ही माणसे सहसा बोलून दाखवत नाहीत. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हा आपल्या घरांतील जुना संस्कार. त्यामुळे तज्ज्ञांनी समूहोपचार सुचवला की पहिला प्रश्न येतो, “चारचौघांत रडायचे कसे?” प्रश्न रास्त आहे. म्हणूनच या उपचाराच्या दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात.

बोस्टन येथील डॉ. जोसेफ प्रॅट यांनी १९०५ मध्ये गरीब क्षयरुग्णांसाठी साप्ताहिक वर्ग सुरू केले. विश्रांती, मोकळी हवा आणि आहार यांची शिस्त लावणे हा त्यांचा हेतू होता. परंतु समदुःखी माणसांच्या सहवासाने रुग्णांना धीर येतो, हेही तेथे दिसून आले. समूहोपचाराच्या इतिहासाचा आरंभ बहुधा याच वर्गांपासून सांगितला जातो. पुढे मनोविकारतज्ज्ञ आयर्विन यालोम यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात समूहातील गुणकारी घटकांची मांडणी केली. त्यांतील दोन घटक ज्येष्ठांसाठी विशेष मोलाचे आहेत. एक, ‘हे केवळ माझ्याच वाट्याला आलेले नाही’ ही जाणीव. दुसरा, आपल्या अनुभवाचा इतरांना उपयोग होतो, हे समाधान. ‘आता माझा कोणाला काय उपयोग?’ असे म्हणणाऱ्या मनाला हे समाधान औषधासारखे लागू पडते. शुश्रूषा करणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक लाभ संभवतो. रुग्णावर आपण चिडतो, याची बोचणी त्यांना एकांतात खात असते. दुसऱ्याच्या तोंडून तीच कबुली ऐकली की ती सौम्य होते.

मात्र जे समूहामुळे लाभते, त्याची किंमतही समूहामुळेच मोजावी लागते. तास-दीड तासाचा वेळ सात-आठ जणांत वाटला जातो; एखादा बोलका सदस्य तो व्यापून टाकतो आणि अबोल माणूस आला तसाच परततो. इतरांची दुःखे ऐकून ताजा शोक अधिक गडद होऊ शकतो. तज्ज्ञ गुप्ततेला बांधलेला असतो. सदस्यांची गुप्तता मात्र परस्परांच्या शब्दावर अवलंबून राहते. ऐकू कमी येणाऱ्यांना संभाषणाचा धागा पकडणे अवघड जाते. स्मृतिभ्रंश असलेल्यांना दुःख उकलणारा गट सहसा मानवत नाही. विकार सौम्य किंवा मध्यम असेल, तर त्यांच्यासाठी जुनी गाणी, छायाचित्रे, शब्दखेळ यांवर आधारलेले निराळे गट असतात.

हास्यक्लब किंवा रुग्णांच्या नातलगांचे स्वमदत गट उपयुक्त असतात, पण तो समूहोपचार नव्हे. समूहोपचारात प्रशिक्षित तज्ज्ञ संभाषणाला दिशा देतो आणि कोणी कोसळू लागल्यास सावरतो. म्हणून प्रवेशापूर्वी चार गोष्टी अवश्य विचाराव्यात. गट कोण चालवतो आणि त्याचे शिक्षण काय? सदस्य किती व कोणत्या अडचणीचे? गुप्ततेचा नियम काय? न बोलता बसण्याची आणि गट सोडण्याची मोकळीक आहे का? परिचितांच्या नजरेचा संकोच वाटत असेल, तर आपल्या वसाहतीपासून दूरचा गट निवडावा.

कुटुंबीयांनी आग्रह करावा, सक्ती करू नये. गटाहून परतल्यावर “काय बोललात?” असे खोदून विचारू नये. पत्नी तासभर बाहेर पडणार असेल, तर रुग्णापाशी कोण बसणार, हे मुलांनी आधी ठरवावे. नाहीतर सल्ला कागदावरच राहतो.

पहिल्या बैठकीत अवघडलेपण स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून निर्णय घेऊ नये. परंतु चार-पाच बैठकांनंतरही झोप उडत असेल, मन अधिक खचत असेल, तर तज्ज्ञांना स्पष्ट सांगावे; वैयक्तिक समुपदेशनाचा मार्ग खुला असतोच. आणि जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर गटाच्या पुढील बैठकीची वाट पाहू नये. तातडीने डॉक्टरांना भेटावे अथवा ‘टेली-मानस’च्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर बोलावे. ही सेवा अहोरात्र उपलब्ध आहे.