डोकं फुटल्यावर येणारा कॅमेरा



6 एप्रिल 1981 ला निपाणीत तंबाखू शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. 12 शेतकरी गेले. तेव्हा दूरदर्शन सरकारचे. आमची बाजू दाखवणार कोण? 9 ऑगस्ट 2011 ला मावळात पवना जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात तिघांचे बळी गेले, त्यात एक बाई होती. या वेळी मात्र उभ्या गाड्यांच्या काचा फोडणारे पोलीस साऱ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिले. 1 सप्टेंबर 2023 ला आपल्या पैठणशेजारच्या अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटीत, मराठा आरक्षणासाठी बसलेल्यांवर लाठीमार झाला. चित्रे घरोघर पोचली. तीन दिवसांनी गृहमंत्र्यांनी माफी मागितली.

कॅमेऱ्याने फरक पडतो, हे खरेच. पण अंतरवालीचे उपोषण 29 ऑगस्टपासून चालू होते. राज्याची नजर वळली ती लाठी पडल्यावर. शेतमालाचा भाव बातमी होत नाही, फुटलेले डोके होते. आणि आपल्यातल्या एकाने दगड उचलला, तर दिवसभर तोच दगड दाखवतात.

म्हणून पैठणच्या मोर्चाला निघताना आम्ही एवढेच सांगतो : हात रिकामे ठेवा. गावागणिक दोघांनी मोबाईलवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रण करावे, तुकडे करू नयेत. वेळ, ठिकाण, साक्षीदार त्याच दिवशी वहीत लिहा. मार लागला तर सरकारी दवाखान्यात नोंद करून कागद जपून ठेवा.

वाहिनीची बातमी रात्रीतून शिळी होते. माफीने गुन्हे मागे घेतले जात नाहीत. कोर्टात उभा राहतो तो आपला पुरावा.