बेट सोडून सर्व काही

प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत हल्ली दोन शब्द सर्वांत ठळक अक्षरांत छापलेले असतात : ‘सर्व समाविष्ट’. विमानाचे तिकीट, विमानतळावर न्यायला आलेली गाडी, समुद्राकडे तोंड असलेली खोली, तीन वेळचे जेवण, मधल्या वेळचे खाणेपिणे, पोहण्याचा तलाव, होडीतली फेरी आणि रात्री नाचगाण्याचा कार्यक्रम. पैसे पुण्यातच भरायचे. तिथे गेल्यावर मनगटाला एक रंगीत पट्टी बांधली की पाकीट उघडायचे कारण उरत नाही. मॉरिशस, मालदीव, अंदमान ही नावे आता मराठी मध्यमवर्गाच्या घरांत महाबळेश्वर-माथेरानइतकी सहज घेतली जातात. ज्यांना ही सुट्टी परवडत नाही त्यांनी तिचा हेवा करावा आणि चार पुस्तके वाचलेल्यांनी तिची टिंगल करावी, अशी रीत पडली आहे. मला या दोहोंपैकी काहीच करायचे नाही. मला एवढेच विचारायचे आहे की, या ‘सर्व’मध्ये कोण येत नाही?

ही कल्पना मुळात श्रीमंतांच्या चैनीसाठी निघालेली नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. दुसरे महायुद्ध संपून पाच वर्षे झाली होती. १९५० साली जेरार ब्लिट्झ या बेल्जियन गृहस्थाने स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून ‘क्लब मेड’ची पहिली छावणी उभारली. राहणे साधे, जेवण एकत्र, खेळ एकत्र आणि सगळ्याचे पैसे आधीच दिलेले. पुढे त्या छावण्यांत पेय घ्यायचे तर नाण्यांऐवजी गळ्यातले मणी द्यायची पद्धत आली. युद्धाने पोळलेल्या माणसांना चार दिवस तरी पैशाचा विसर पडावा, ही त्यातली भावना कोणालाही पटेल.

आपल्याही घरांत या सोयीचे मोल आहे. ज्या बाईने वीस वर्षे रोज दोन्ही वेळा चूल पेटवली, तिच्यापुढे कोणी भरलेले ताट आणून ठेवतो आणि तिला उठावे लागत नाही, हे सुख लहान नव्हे. मोजक्या पगारात चार दिवसांची रजा काढणाऱ्याला शेवटच्या दिवशी बिल किती येईल, ही धास्ती खरोखर असते. एकूण आकडा आधी कळणे हा त्याचा आधार आहे. तेव्हा भांडण सोयीशी नाही. भांडण आहे ते सोयीभोवती उभ्या राहणाऱ्या भिंतीशी.

ही भिंत पाहायला समुद्र ओलांडण्याची गरज नाही. आपले खडकवासला पुरेसे आहे. रविवारी धरणाच्या कडेला, जिला आपण कौतुकाने ‘चौपाटी’ म्हणतो, तिथे उभे राहून एका भाजलेल्या कणसाचा हिशेब मांडून पाहा. कणीस पिकवणारा शेतकरी, ते घेऊन येणारा टेम्पोवाला, कोळसा विकणारा, लिंबू-तिखट-मीठ पुरवणारा वाणी आणि शेगडीपुढे दिवसभर धूर खाणारी बाई, इतक्या जणांत ते पैसे वाटले जातात. सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मटक्यातले दही विकणाऱ्या बायकांचे तेच आहे. पाहुणा गावात पाय ठेवतो, म्हणून गावाच्या हातात चार पैसे पडतात.

आता धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, पानशेतच्या रस्त्याने जा. कुंपणे लागतात, फाटके लागतात. आत शिरलेली मोटार दुसऱ्या दिवशी तशीच शहराकडे वळते. आतल्या पाहुण्याला बाहेर काडेपेटीदेखील विकत घ्यावी लागत नाही. त्याचे पैसे आधीच दुसरीकडे पोचलेले असतात. पर्यटनाचे अर्थशास्त्र लिहिणारे याला ‘गळती’ म्हणतात. पाहुणा जेथे येतो तेथे त्याचा पैसा थांबतच नाही. तो विमान कंपनीकडे, दलालाकडे, हॉटेलच्या मालकाकडे परस्पर वाहून जातो.

या बाबतीत मी अगदी तटस्थ नाही, हे वाचकांना ठाऊक असावे. माझी मावशी पावसाळ्यात चौपाटीवर कणसे भाजते आणि माझा चुलतभाऊ अशाच एका कुंपणाच्या आत, स्वयंपाकघरात, भांडी घासतो. त्यामुळे दोन्ही बाजू घरात ऐकायला मिळतात. भाऊ म्हणतो, “मला एक तारखेला पगार मिळतो. मावशीची गाडी कोणी उठवली, की तिला त्या दिवशी कोण देणार?” हे खोटे नाही. मावशी म्हणते, “माझ्या गाडीची मालक मी.” हेही खोटे नाही. आणि गंमत अशी की, भाऊ लहानपणी ज्या उतारावरून पाण्यात उड्या मारायचा, तो उतार आता कुंपणात आहे. तेथे जायचे तर त्याला गणवेश घालावा लागतो.

हाच उतार हजारो मैलांवर, मोठ्या प्रमाणावर पाहायचा असेल तर मॉरिशसकडे पाहावे. मराठी नवविवाहितांना ते बेट ठाऊक आहे ते निळे पाणी आणि पांढरी वाळू यांसाठी. पण २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ नावाच्या जहाजातून हिंदी मजूर करारावर उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी तेथे उतरले आणि पुढच्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षांत त्यांची संख्या साडेचार लाखांवर गेली. त्यांत आपल्या कोकणातली, मुंबई बंदरातून निघालेली मराठी माणसेही होती. ते मजूर ज्या धक्क्यावर उतरत, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा ठरला. त्या मराठी माणसांची नातवंडे-पतवंडे आजही तेथे आहेत. घरात क्रिओल बोलतात. पण गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते, गणपती समुद्रात विसर्जित होतात आणि आपल्या जाखडीची सख्खी बहीण असलेली ‘झाकरी’ तेथे नाचली जाते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते.

पुण्याहून गेलेले जोडपे सात दिवस त्या बेटावर राहते. न्याहारीला पोहे मिळाले म्हणून खूश होते. पण ज्या किनाऱ्यावर गणपती विसर्जन होते त्याच किनाऱ्याजवळ राहूनही एका मॉरिशसवासी मराठी माणसाशी दोन शब्द न बोलता परत येते. दोष त्या जोडप्याचा म्हणता येत नाही. त्यांच्या सात दिवसांच्या आखणीत बेटावरच्या माणसासाठी जागाच ठेवलेली नव्हती. सर्व काही समाविष्ट होते, फक्त बेट सोडून.

बेटावरच्या लोकांनाही हे खुपते. मॉरिशसमध्ये सार्वजनिक किनारे वाचवण्यासाठी एक चळवळ चालू आहे. तिच्या क्रिओल नावाचा अर्थच ‘आमचे किनारे चोरणे बंद करा’ असा आहे. मालदीवमध्ये तर १९७२ साली पहिले रिसॉर्ट निघाल्यापासून पाहुण्यांची बेटे निराळी आणि रहिवाशांची निराळी, असेच धोरण राहिले. २००९ नंतर रहिवाशांच्या बेटांवर छोटी अतिथिगृहे चालवायला मुभा मिळाली आणि माफुशीसारख्या बेटावर साध्या कुटुंबांनी आपल्या घराशेजारी खोल्या बांधल्या. म्हणजे भिंत ही निसर्गाने घातलेली नाही. माणसांनी ठरवले म्हणून ती उभी राहिली आणि माणसांनी ठरवले तेव्हा तिला दार पडले.

यावर कोणी म्हणेल, ‘तुमच्या चौपाटीचे कौतुक पुरे, रविवारी सिंहगड रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात, पाण्यात प्लॅस्टिक तरंगते.’ हे मान्य केलेच पाहिजे. हे पुण्याचे पिण्याचे पाणी आहे, त्यात कागदाचा द्रोणही पडता कामा नये. पण त्यावर उपाय गाड्या उठवणे हा नसून कचऱ्याच्या पेट्या, ठरलेल्या जागा, वाहनतळ आणि परवाने हा आहे. एका शतकाहून जुने हे धरण सरकारी पैशाने, म्हणजे लोकांच्या पैशाने झाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला फुटले तेव्हा सोसले तेही लोकांनीच. वर पानशेत आणि वरसगावच्या पाण्याखाली गावे गेली. एवढी किंमत ज्यांनी मोजली, त्यांना पाण्याच्या काठावर दोन हात जागा मागावी लागू नये.

शेवटी आपल्या महाविद्यालयापुरते बोलते. आपली वार्षिक सहल गेली दोन वर्षे अशाच एका कुंपणात गेली : सकाळी आत, संध्याकाळी बाहेर, जेवण समाविष्ट. सहल समितीला माझी विनंती आहे की, पुढच्या वर्षी मालवण-तारकर्लीकडे जावे आणि घरोघरी चालणाऱ्या निवास-न्याहारीच्या सोयीत राहावे. वर्गणी आधी ठरवता येईल आणि ती ज्या हातांनी भाकरी थापली त्या हातांत पडेल. आणि मराठी विभागातील सरांना व बाईंना विनंती की, मोका येथील मराठीच्या विद्यार्थ्यांशी पत्रव्यवहार सुरू करावा. त्यांची झाकरी कशी असते हे त्यांनी आम्हांला लिहावे, आपल्या जाखडीबद्दल आम्ही त्यांना लिहू. आमच्यापैकी बहुतेकांना मॉरिशसचे तिकीट कधी परवडेल हे सांगता येत नाही. पण ज्यांना परवडेल त्यांना निदान तेथे कोणाचे तरी दार वाजवता येईल.