मैदान कोणासाठी?

शाळेचा इतिहास म्हणजे काचेच्या कपाटातील ढाली आणि भिंतीवरील नामवंतांच्या तसबिरी, असा एक समज आपल्यांत रूढ झाला आहे. तो चुकीचा आहे. इतकेच नव्हे, तर मुलांच्या दृष्टीने घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चंदीगडातील आयटी पार्कमध्ये सुटीच्या दिवशी एक फेरी मारावी. किशनगडकडील मुले रिकाम्या वाहनतळावर विटा रचून क्रिकेट खेळताना दिसतात आणि पहारेकरी येताच पांगतात. ज्या शहरात हे घडते त्याची मूळ आखणी मात्र मुलांचा विचार करून झाली होती. १९५१ साली ल कॉर्ब्युझिएने सुमारे आठशे मीटर रुंद व बाराशे मीटर लांब असा सेक्टर कल्पिला; हमरस्ता न ओलांडता मुलाने शाळेत पोचावे, आणि शाळेलगत हिरवा मोकळा पट्टा असावा, ही त्यामागची दृष्टी. डी. ए. व्ही. शाळेचा विद्यार्थी कपिल देव याला सेक्टर सोळाच्या संघात एक गडी कमी पडला म्हणून प्रथम खेळायला घेतले, अशी कथा सांगितली जाते. १९८३ चा विश्वचषक शाळा अभिमानाने सांगतात. पण हाकेच्या अंतरावर मैदान होते, हे कोणी सांगत नाही.

आम्हां मराठी माणसांना मुंबईचा दाखला दिल्यावाचून चैन पडत नाही, म्हणून तोही देतो. १९८८ साली हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या तेंडुलकर व कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागी केली. डाव २ बाद ७४८ वर घोषित झाला. म्हणजे शारदाश्रमच्या सात मुलांना फलंदाजी मिळालीच नाही. त्या सातांची आठवण कोणाला आहे? आणि हा पराक्रम ज्या आझाद मैदानावर घडला ते कोणत्याही शाळेच्या मालकीचे नाही. ते सार्वजनिक आहे. सार्वजनिक मैदान नसते तर नावाजलेल्या दोघांनाही जागा मिळाली नसती.

खेळाने अभ्यास बुडतो, असा आक्षेप येईल. टिळकांनी कॉलेजचे पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालविले व परीक्षेत अपयश पत्करले. त्याच टिळकांनी १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढण्यात पुढाकार घेतला. आक्षेपकांनी याचे उत्तर द्यावे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला मैदान असावे असे सांगितले आहे. पण तो कायदा आठवीपर्यंतच. नववीत पाऊल टाकताच खेळाचा तास गणिताला दिला जातो, आणि तो आम्हीच, कारकुनी पेशाचे पालक, मागून घेतो. दोष केवळ शाळेचा नव्हे. निकालाची टक्केवारी आम्ही विचारतो. मैदानाची चौकशी कधी करीत नाही.

तेव्हा येत्या एप्रिलमध्ये प्रवेशाचा अर्ज भरताना एवढेच विचारावे: निवडक संघ सोडून बाकीची मुले आठवड्यातून किती तास मैदानावर असतात? आणि सायंकाळी शाळेचे फाटक शेजारच्या वस्तीतील मुलांसाठी उघडते काय? मुख्याध्यापक ढालींच्या कपाटाकडे बोट दाखवू लागले, तर आपण पुन्हा तोच प्रश्न विचारावा.