औक्षवंत व्हायचे, पण कोणी?

आपल्याकडे पाया पडणाऱ्याला 'औक्षवंत हो', 'शतायुषी हो' असा आशीर्वाद देतात. तीच वडीलधारी माणसे स्वतःसाठी मात्र 'हातपाय चालते आहेत तोवर देवाने उचलावे' एवढेच मागतात. म्हातारपण लांबवणाऱ्या औषधांचा विषय निघाला, की खडकी बाजारात काय नि वर्गात काय, उत्तर एकच : 'हे निसर्गाच्या विरुद्ध आहे!'

मला हे पटत नाही. खडकीहून लोकलने निघाले की दापोडी, कासारवाडी आणि मग पिंपरी. तिथे १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढे पेनिसिलिन तयार होऊ लागले. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. (बत्तीस म्हणजे सगळेच तिशीत जात असे नव्हे, पाळण्यातली पोरे इतकी दगावत की सरासरीच खाली येई.) लशी, स्वच्छ पाणी आणि अशी औषधे यांनी आयुष्य दुपटीने वाढवले, तेव्हा निसर्गाची बाजू कोणी घेतली नाही. न्यूमोनियाने मरणे हेही नैसर्गिकच होते की!

खरी भीती अंथरुणाची आहे. महर्षी कर्वे १०४ वर्षे जगले, १९५८ साली शंभरीत त्यांना भारतरत्न मिळाले. त्यांच्या दीर्घायुष्याला कोणी नावे ठेवत नाही. पण दोन खोल्यांच्या घरात, पेन्शन नसलेल्या हमालाने किंवा धुणीभांडी करणाऱ्या बाईने नव्वदी गाठायची ती कोणाच्या जिवावर? 'देवा, लवकर ने' या प्रार्थनेत मुलाच्या पगाराची आणि सुनेच्या कष्टांची काळजी असते. आमचे प्राध्यापक तिला वैराग्य म्हणोत, मी तिला घरखर्चाचा हिशोब म्हणतो.

२००९ साली अमेरिकेतील एका प्रयोगात रॅपामायसिन हे औषध दिलेले उतारवयातले उंदीर अधिक जगले. माणसाचे आयुष्य त्याने वाढते हे अजून सिद्ध झालेले नाही. परंतु २०१३ साली गूगलने वार्धक्याच्या संशोधनासाठी कॅलिको नावाची कंपनी काढली, म्हणजे धनिकांनी या प्रश्नाकडे पाठ फिरवलेली नाही. पिंपरीचा कारखाना सरकारने काढला तो औषध सामान्यांना परवडावे म्हणून. उद्याचे औषध कोणाच्या कारखान्यात निघेल, किती रुपयांना मिळेल, ससूनच्या रांगेतल्या माणसाला ते मिळेल का, हे आत्ताच विचारायला हवे. 'नको बुवा इतके जगणे' म्हणून आपण उठून गेलो, तर ती किंमत ठरवताना आपल्या वस्तीतले कोणी तिथे नसेल.